आपले खाजन, आपला बांध

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गाला घेऊन आम्ही गावाबाहेरच्या बांधावर गेलो होतो. शाळेपासून चालत वीस मिनिटांची वाट. निघताना एका मुलाने विचारले, "बाई, समुद्राचा पाठ चालू आहे, मग किनाऱ्यावर का नाही जायचे? तिथे तर नुसती नदी आहे." बांधावर पोचल्यावर मी त्याला त्या नदीच्या पाण्यात बोट बुडवून चाखायला सांगितले. त्याने तोंड वाकडे केले. खारट! समुद्र दिवसातून दोनदा आपल्या गावापर्यंत येतो आणि परत जातो, हे आपण विसरूनच गेलो आहोत. गोव्यात राहून समुद्र म्हणजे वाळू, नारळ आणि पर्यटक एवढेच मुलांना आठवावे, याचे मला थोडे वाईट वाटते. पालकांनीही हा लेख वाचावा म्हणून तो वर्गात न सांगता येथे लिहीत आहे.

तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग या आपल्या नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे पाणी आत शिरते. त्यांच्या काठच्या सखल जमिनी मूळच्या दलदलीच्या, भरतीत बुडणाऱ्या. आपल्या पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून त्या मोकळ्या केल्या आणि तेथे भात पिकवले. या जमिनीला आपण खाजन म्हणतो. वरच्या कोरड्या जमिनी त्या मोरड, मधल्या रेताड त्या केर आणि सगळ्यांत खालची ती खाजन, असे शेताचे तीन प्रकार घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलेत तर ते लगेच सांगतील. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात. ती किती जुनी आहे? बांदोडे येथील अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या आधी काही शतके हे शेत येथे होतेच.

आता मुलांनो, नीट लक्ष द्या, कारण यातली खरी गंमत मानशीत आहे.

बांधात जेथे ओहोळ नदीला मिळतो तेथे पाण्याला वाट ठेवलेली असते. या वाटेवर दगडी बांधकाम आणि त्यात लाकडी दारे. हीच मानस. दारे नदीच्या बाजूला वरून टांगलेली असतात. नदीचे पाणी चढू लागले की ते दारावर दाब देते आणि दार आपोआप चौकटीला घट्ट बसते. सुकती लागून नदीचे पाणी उतरले की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, दार बाहेर ढकलले जाते आणि शेतातले पाणी नदीत जाते. ना वीज, ना पंप, ना कोणी रखवालदार. भरती-सुकतीचे चक्र साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मानस मात्र घड्याळ न बघता वेळ पाळते. आम्ही गेलो तेव्हा सुकती होती. दाराच्या फटीतून पाणी जोराने बाहेर पडत होते आणि मुले तेथून हलायला तयार नव्हती.

मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट जागा असते, तिला पोंय म्हणतात. पीक निघाल्यावर फळ्या उचलून थोडे खारे पाणी मुद्दाम आत घेतात. त्याबरोबर कोळंबीची व माशांची पिल्ले येतात, पोंयीत वाढतात, आणि सुकतीच्या पाण्याबरोबर बाहेर निघताना मानशीच्या तोंडाला लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात सापडतात. शेवटे, काळुंद्रे, सुंगटे, कधी चोणक, कुर्ल्या तर असतातच. या मासेमारीच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. पूर्वी त्यातला पैसा बांधाच्या डागडुजीला लावत. भात, मासे आणि कोठे कोठे मीठ, असे सगळे एकाच जमिनीतून. पेडणे तालुक्यातले आगरवाडा हे नावच मिठागरांवरून पडले आहे.

मृगाचा पाऊस लागला की आत घेतलेले खारे पाणी बाहेर सोडतात. पहिले काही दिवस पाऊस शेतातले मीठ धुऊन काढतो आणि मगच बी टाकतात. एकदा बी पडले की कापणीपर्यंत खारे पाणी आत घ्यायचे नाही, हा जुना नियम. खाजनातले कोरगूट हे भात उंच वाढते आणि थोडे खारटपण सोसते. आमच्या घरी आजारी माणसाला कोरगुटाच्या उकड्या तांदळाची पेज देत. तिला जी चव होती ती मला आजच्या कुठल्याही तांदळात सापडत नाही, अर्थात हे माझे मत.

बांधाच्या बाहेर नदीकडे खारफुटी उभी असते. ती तेथे असावी, कारण लाटांचा मार ती झेलते आणि माती धरून ठेवते. कांदळाचे बी झाडावरच रुजते. लांब शेंगेसारखे ते लोंबत असते आणि मग चिखलात उभे पडून रोवले जाते. तिवराच्या पानावर हात फिरवा, मिठाचे कण हाताला लागतील. ते झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकते. तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. माशांची पिल्लेही याच मुळांत लपून वाढतात. चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य याच खारफुटीत आहे. १९८८ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र १७८ हेक्टर आहे. रायबंदरच्या फेरीबोटीने पालक मुलांना घेऊन सहज जाऊ शकतात. हिवाळ्यात सकाळी लवकर जावे, दुपारी पक्षी कमी आणि ऊन जास्त.

एवढे सगळे चालवायचे कोणी? पूर्वी हे काम गावकरीचे होते. गावची जमीन सामाईक, बांध सामाईक, खर्च सामाईक. पोर्तुगीजांनीही ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले, आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले. बांधाला भगदाड पडले की घरटी माणूस हातात टोपली घेऊन हजर, असे आजोबा सांगत. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली. हा न्याय झालाच पाहिजे होता, त्याबद्दल वाद नाही. मात्र जमीन वेगवेगळ्या नावांवर गेली तरी बांध एकच राहिला. १९७५ च्या नियमांनी त्याची देखभाल कुळांच्या मंडळांकडे दिली. काही गावांत मंडळे चांगली चालतात, काही गावांत सभेला गणसंख्याही होत नाही. शेतकरी नोकरीला गेले, मजुरी वाढली, आणि भातापेक्षा मानशीच्या पावणीतून पैसा जास्त मिळू लागला. मग काही ठिकाणी पीक उभे राहण्याच्या दिवसांतही खारे पाणी आत ठेवले जाते. मासे मिळतात, पण जमीन जाते. नदीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांनीही बांधांची झीज झाली आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजोळचे खाजन असेच गेले. मी तेव्हा नववीत होते. कुर्ल्यांनी पोखरलेल्या जागी बांधातून पाणी झिरपत होते. ते सगळ्यांना दिसत होते, प्रत्येकाला वाटत होते की कोणीतरी बघेल. आश्विनातल्या पौर्णिमेच्या उधाणाला तेथे हातभर भोक पडले आणि अमावास्येच्या उधाणाला बैलगाडी जाईल एवढे. भात कापणीला आले होते. मामा आणि शेजारी रात्रभर चिऱ्यांचे तुकडे आणि चिखल टाकत होते, पण वाहत्या पाण्यात काही टिकेना. पुढची तीन वर्षे तेथे काही उगवले नाही. विहिरीचे पाणी मचूळ झाले. आजी दुकानातून तांदूळ आणू लागली आणि त्याची तिला शेवटपर्यंत लाज वाटत राहिली. आज त्या जागी दाट खारफुटी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मुले वर्गात हमखास विचारतात. खारफुटी चांगली, मग शेतात उगवली तर काय बिघडले? बांधाबाहेरची खारफुटी राखणदार आहे. बांधाच्या आत दाटलेली खारफुटी म्हणजे बहुतेक वेळा बांध फुटल्याची आणि कोणी तो बांधला नसल्याची खूण. खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे; पण त्यामुळे एकदा गेलेले खाजन पुन्हा शेतात आणणे फार अवघड होते. म्हणून सारा भर भोक हातभर असतानाच बुजवण्यावर हवा. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचे रक्षण करावे आणि त्यांवर विकासकामांना परवानगी देऊ नये, असे लिहिले आहे. कागदावर संरक्षण आहे, चिखल मात्र माणसांनीच टाकायचा असतो.

फोंडा तालुक्यात दुर्भाट परिसरातले शेतकरी पौष अमावास्येला 'मानगें थापणी' करतात. खाजनात चिखलाची मगर तयार करून तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि खाजनांच्या आसपास खरोखरच मगरी आहेत. ज्या जनावराची भीती वाटते त्याच्याकडेच शेत राखायला द्यायचे, ही कल्पना मला फार आवडते. शिवाय त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी सगळे बांधावर जातात आणि बांध कसा आहे ते पाहतात. विश्वस्त मंडळाने मंजुरी दिली तर या वर्षी मोठ्या वर्गांना ती पाहायला नेण्याचा विचार आहे. इच्छुक पालकांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत. चप्पल नको, जुने बूट बरे.

आमच्या त्या दिवसाच्या फेरीत मुलांनी एक काम स्वतःहून केले. पन्नास पावलांच्या अंतरात कुर्ल्यांची बिळे मोजली. चौदा निघाली. त्यांतल्या तीन ठिकाणी आतल्या बाजूला माती ओली होती. मुलांनी काठ्या रोवून खुणा केल्या आणि वहीत नकाशा काढला. तो नकाशा आम्ही कुळांच्या मंडळातील एका काकांना दाखवला. ते हसले, पण पुढच्या रविवारी दोन माणसे घेऊन गेले आणि दोन जागा चिखल व गवत ठासून बुजवल्या. तिसरी जागा मानशीच्या अगदी जवळ आहे, तेथे चिरे लागतील असे ते म्हणाले. ती काठी अजून तेथेच आहे, आणि सातवीतली दोन मुले दर पौर्णिमेनंतर जाऊन ती पाहून येतात.