बांधीतला जांभळा गोंडा

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की ओल धरलेल्या बांधीत आणि तलावाच्या आटत्या काठावर वीतभर उंचीची, जांभळ्या गोंड्यांची रोपं दिसू लागतात. कुणीतरी फोटो टाकतं, ‘दुर्मीळ खुजं झुडूप सापडलं’. बहुतेक वेळा ती गोरखमुंडी असते, शास्त्रीय नाव स्फेरॅन्थस इंडिकस. भारतात ओलसर शेतांत ती सर्रास उगवते.

ती झुडूपही नव्हे. उन्हात बुंधा कडक होतो, म्हणून तसं वाटतं. गुरांनी चरलेलं, तुडवलेलं रोप बुटकंच राहतं. तेवढ्यावरून वेगळी जात ठरत नाही.

खरा घोटाळा फुलाचा. सूर्यफूल म्हणजे एक फूल नसून अनेक पुष्पकांचं स्तबक, हे आपण शाळेत शिकतो. गोरखमुंडी त्याच्याही पुढे जाते. तिचा गोंडा हा अनेक इवल्या स्तबकांचा गठ्ठा असतो आणि त्या प्रत्येकात पुन्हा पुष्पकं. गोंडा ब्लेडने उभा कापून भिंगाखाली धरा, हे पाहायलाच हवं! धानाच्या शेतात उगवणारी सीझुलिया अ‍ॅक्झिलॅरिस आणि माळावरचा काटेरी उटकटारा यांच्या गुच्छात तर एकेका स्तबकात एकच पुष्पक. गोंड्यालाच ‘एक फूल’ धरलं की पुस्तकातली ओळख पहिल्याच पायरीला चुकते.

गोल जांभळा गोंडा बटनगुलाबालाही असतो. पण त्याची पानं समोरासमोर येतात, गोरखमुंडीची एकाआड एक. शिवाय तिच्या पानाची कड खोडावर उतरते आणि खोडाला दातेरी पट्ट्या फुटतात. ओळखीची ही सगळ्यात भरवशाची खूण.

बीजाला म्हातारीसारखे केस नसले तर ते सूर्यफुलाच्या कुळातलं नाही, असंही सांगितलं जातं. सहदेवीच्या बीजाला पांढरे केस असतात, गोरखमुंडीच्या नसतात. दोघी त्याच कुळातल्या.

वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर कुक यांच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात नोंद नाही म्हणून एखादी वनस्पती दुर्मीळ, हाही तर्क इथे लागू नाही. 1901 ते 1908 दरम्यान निघालेला तो ग्रंथ मुंबई इलाख्याचा. गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता.

शंका उरलीच तर रोप उपटू नका, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात तर नाहीच. पूर्ण रोप, खोड, पानाचा जोड आणि गोंड्याखालची छदं (पानासारखे बारीक भाग) यांचे जवळून फोटो घ्या, जागा आणि महिना लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.