संक्षेप व परिभाषासूची, अक्षरजुळणी प्रणालीतील

संगणकावर अक्षरजुळणी होणाऱ्या ग्रंथातील संक्षेप व पारिभाषिक संज्ञा एकाच ठिकाणी नोंदवून, त्यांचे मजकुरातील रूप आणि ग्रंथाला जोडावयाची त्यांची सूची ही दोन्ही त्या नोंदींवरून आपोआप सिद्ध करण्याची पद्धती. लेटेक् या प्रणालीत ही पद्धती विशेष विकसित झाली असल्याने येथील विवेचन प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

संक्षेप प्रथम येईल तेथे विस्तृत रूप देऊन कंसात संक्षेप द्यावा आणि पुढे केवळ संक्षेप वापरावा, असा शास्त्रीय लेखनाचा संकेत आहे. तो पाळणे दिसते तितके सोपे नाही. एखादे प्रकरण मागेपुढे केले की ‘प्रथम’ हे स्थानच बदलते आणि हाताने केलेली सूची मजकुराच्या मागे पडते. वैद्यकासारख्या विषयात अस्पष्ट संक्षेप जीवावरही बेतू शकतो. ‘एमएस’ या अक्षरांनी मॉर्फीन सल्फेट हे वेदनाशामक व मॅग्नेशियम सल्फेट हे सर्वस्वी भिन्न औषध, अशी दोन्ही सूचित होऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये प्रसृत केलेल्या वर्ज्य संक्षेपांच्या यादीत त्याचा समावेश केला. याउलट ‘रडार’सारखे आद्याक्षरी शब्द भाषेत इतके रुळले आहेत, की त्यांचा विस्तार देणे वाचकाला उपद्रवच ठरेल.

डोनल्ड क्नूथ यांनी सिद्ध केलेल्या टेक् या अक्षरजुळणी प्रणालीवर लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक्‌ची उभारणी केली. तिची पुस्तिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत परिभाषासूचीसाठी आज्ञा होत्या. परंतु त्या नोंदी एका साहाय्यक संचिकेत लिहून ठेवण्यापलीकडे काही करीत नसत. ही उणीव निकोला टॅलबट यांच्या ‘ग्लॉसरीज’ या आज्ञासंचाने (२००७) भरून काढली. त्याचा विस्तार २०१५ मध्ये आणि ‘बिबटूजीएलएस’ हा वर्गीकरणाचा स्वतंत्र प्रोग्राम २०१७ मध्ये उपलब्ध झाला.

प्रत्येक नोंदीस एक खूणनाम असते. ते वाचकाला दिसत नाही. लेखक मजकुरात संक्षेपाऐवजी ते लिहितो. प्रणाली प्रत्येक नोंदीपुढे ‘वापरली की नाही’ अशी खूण बाळगते व तदनुसार पूर्ण किंवा संक्षिप्त रूप छापते. पान पूर्ण झाल्याखेरीज त्याचा क्रमांक निश्चित होत नाही, म्हणून संज्ञा व पृष्ठांक यांची नोंद पान बाहेर पडताना साहाय्यक संचिकेत होते. मेकइंडेक्स किंवा झिंडी यांसारखा प्रोग्राम त्या नोंदी अनुक्रमे लावतो आणि दुसऱ्या फेरीत सूची ग्रंथात येते. मधली पायरी विसरल्यामुळे सूचीच न उमटणे, ही नवशिक्याची नेहमीची तक्रार होय. सामान्यतः मजकुरात वापरलेल्याच नोंदी सूचीत येतात. त्यामुळे वगळलेल्या परिच्छेदातील संज्ञा मागे रेंगाळत नाहीत.

तथापि यंत्राला अर्थ कळत नाही. खूणनामे भिन्न असतील तर एकाच संक्षेपाच्या दोन नोंदी ते निमूटपणे स्वीकारते. संदिग्धता टाळण्याची जबाबदारी संपादकाचीच राहते. प्रकरणाच्या शीर्षकात अशी आज्ञा घातल्यास ‘प्रथम वापर’ अनुक्रमणिकेतच खर्ची पडून विस्तृत रूप तेथे छापले जाते व मजकूर उघडा राहतो. सारांश आणि मुख्य मजकूर स्वतंत्रपणे वाचले जातात. म्हणून सारांशानंतर सर्व खुणा पूर्ववत करणे इष्ट असते. इंग्रजीत अनेकवचनही अडचणीचे ठरते. शेवटी ‘स’ जोडण्याच्या नियमाने ‘मेंबर ऑफ पार्लमेंट’चे ‘मेंबर ऑफ पार्लमेंट्स’ असे विपरीत रूप होते. योग्य रूप नोंदीत वेगळे द्यावे लागते.

मराठीत हा प्रश्न अधिक खोल आहे, कारण प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘मनपा’ला ‘ने’ जोडून ‘मनपाने’ होते. पण प्रथम वापराच्या वेळी प्रणाली तोच प्रत्यय विस्तृत रूपाला लावून ‘महानगरपालिकाने (मनपा)’ असे अशुद्ध रूप छापील. नोंदीत लेखकाच्या सोयीसाठी सहा रिकामे रकाने ठेवलेले असतात. त्यांपैकी एकात ‘महानगरपालिके’ व दुसऱ्यात ‘महानगरपालिकां’ ही सामान्यरूपे साठविल्यास बहुतेक विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये त्यांना जोडता येतात. त्यासाठी स्वतःची आज्ञा एकदा रचावी लागते, एवढेच.

अनुक्रमाचीही अशीच स्थिती आहे. केवळ युनिकोडच्या संकेतांकांनुसार लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि ‘क्ष’ने सुरू होणारे शब्द ‘क’च्या अखेरीस पडतात. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर व त्यापुढे ‘क्ष’, ‘ज्ञ’ असा क्रम आहे. मेकइंडेक्सला हा भेद कळत नाही. झिंडी व बिबटूजीएलएस यांना भाषेचे नियम पुरविता येतात. नोंदी मोजक्या असल्यास प्रत्येकीला अनुक्रमासाठी वेगळी किल्ली हाताने देणेही पुरेसे होते. ती किल्ली छापली जात नाही.