हॅलोविनचं शुभेच्छापत्र : ठसेकाम आणि नक्षीदार कागद

ऑक्टोबर आला की पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हे हॅलोविन आपल्याकडे कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. मुलाला काळा झगा भाड्याने आणून द्यायचा, फोटो काढायचा आणि संपलं, यात शिकण्यासारखं फारसं नाही. पण आपल्या अनेक मुलांचे मामा, आत्या, चुलत भावंडं आज अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत. तिकडच्या आतेभावाला त्याच्या सणाचं कार्ड इकडच्या मुलाने स्वतःच्या हाताने करून पाठवलं, तर त्याला अर्थ आहे. म्हणून हा उपक्रम मी तिसरी-चौथीला घेते आणि कार्ड कोणाला पाठवायचं ते आधी ठरवायला सांगते. ज्यांचं बाहेरगावी कोणी नाही ती मुलं शेजारच्या वर्गातल्या मित्राला देतात.

सुरुवातीला सणाची गोष्ट सांगावी. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. त्याच्याही मागे आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सॅवन नावाचा जुना सण आहे. सुगी संपली, हिवाळा सुरू झाला, या वेळी मेलेल्यांचे आत्मे जवळ येतात अशी समजूत. पितृपक्ष पाहिलेल्या आपल्या मुलांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तिकडे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. तिथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा हाताशी होता. म्हणून आज भोपळ्याचा दिवा दिसतो. (आपण ठसा करणार तोही बटाट्याचाच, हे मुलांना सांगितलं की मजा वाटते.) मुलं वेश करून घरोघर गोड खाऊ मागतात, हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलींना लगेच भोंडल्याची खिरापत आठवली.

आता कार्डांविषयी. अमेरिकेत १८९८ मध्ये खासगी छापलेली पोस्टकार्डं एका सेंटच्या तिकिटावर पाठवायची मुभा मिळाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत हॅलोविनची कार्डं भरपूर निघाली. एलन क्लॅपसॅडल या चित्रकर्तीची कार्डं तर आजही संग्राहक जपून ठेवतात. त्यांत गोबऱ्या गालांची मुलं, भोपळे, काळी मांजरं दिसतात. रक्त, हाडं, किंचाळणारे चेहरे असं काही नाही. हे पालकांना मुद्दाम सांगते, कारण दुकानातलं सामान पाहून त्यांना वाटतं की हा सण भीतीदायकच असणार. वर्गात एखादं मूल अंधाराला घाबरणारं असतंच. त्याला स्वतःच्या हाताने भूत करू द्या. भुताला डोळे कुठे काढायचे, ते हसतंय की रुसलंय, हे त्याने ठरवलं की भुताचा धाक बराच कमी होतो.

साहित्य घरातलंच. कार्डशीट, बटाटा, पोस्टर कलर, जुना स्पंज, जुना गिफ्ट पेपर, गोंदाची कांडी. ए-चार आकाराचं कार्डशीट मधोमध कापून प्रत्येक तुकड्याची घडी घातली की एका कागदात दोन कार्डं होतात. घडीवरून पट्टीची कड दाबून फिरवावी, घडी सरळ बसते.

बटाटा आडवा कापा, कापलेली बाजू कपड्याने पुसा आणि जरा वेळ पालथी ठेवा. बटाट्याचं पाणी रंगात उतरलं की ठसा फिकट उमटतो. भोपळ्यासाठी त्या गोल भागावर बोथट पेन्सिलीने तीन-चार वाकड्या खाचा पाडायच्या. कटरचं काम मात्र मोठ्यांनीच करावं. इथे मुलांना एक गोष्ट स्वतः सापडते. खाच पाडली ती जागा छापात कोरी राहते! म्हणजे जे दिसायला हवं ते ठेवायचं आणि बाकीचं काढायचं. चित्र काढताना सवय याच्या उलट असते, त्यामुळे पहिल्या दोन ठशांना मुलं चक्रावतात. चक्रावू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

अक्षरांचं तर आणखी गमतीचं. खोडरबरावर 'भू' सरळ कोरलं की छाप उलटा येतो. उपाय सोपा आहे. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षर काढा, तो कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासा. रबरावर उलटं अक्षर उतरतं, त्यावरून कोरलं की छाप सरळ. आरशातली प्रतिमा शिकवायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही.

रंग स्पंजवर घट्टसर घ्या आणि ठसा त्यावर टेकवा, बुडवू नका. मग सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. हलवला की कडा पसरतात. आधी रद्दी वर्तमानपत्रावर दोन छाप. नारिंगी रंग पिवळ्यात थोडा थोडा लाल घालून करावा, उलटं केलं तर पिवळा अर्धी बाटली लागतो. काळ्या कागदावर पांढरं भूत हवं असेल तर पोस्टर कलरच घ्या. स्टॅम्प पॅडची शाई पातळ असते, काळ्यावर ती दिसतच नाही.

नक्षीदार कागदाचा मोह आवरावा लागतो. गिफ्ट पेपरवरच ठसे मारले तर भोपळा फुलांत हरवतो. माझा नियम असा की नक्षीचा कागद एकच आणि ठसे साध्या जागेवर. दोन-तीन सेंटिमीटरची ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची पट्टी कार्डाच्या खाली चिकटवली की जमीन झाली. तिच्यावर एक भोपळा, वर मोकळं आकाश. दहा ठसे मारलेल्या कार्डापेक्षा हे जास्त उठून दिसतं. विकतचा कागद नसेल तर भेंडीच्या ठशांनी ओळीत छापलेला कागदही नक्षीदार कागदच! पातळ कागदाला पातळ केलेला फेव्हिकॉल लावला की सुरकुत्या पडतात, म्हणून गोंदाची कांडी.

अंगठ्याच्या काळ्या छापाला पाय काढले की कोळी तयार. बहुतेक मुलं सहा पाय काढतात. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नाही, हा परिसर अभ्यास तिथेच होऊन जातो.

आत मजकूर मुलाचाच हवा, मराठीतच. "हॅलोविनच्या शुभेच्छा. आमच्याकडे आता दिवाळी येते आहे, मी किल्ला करणार आहे," एवढं पुरे. शुद्धलेखन तपासावं, वाक्यं बदलू नयेत. कार्ड रात्रभर वाळू द्या, नाहीतर पाकिटात चिकटतं. परदेशी टपालाला वेळ लागतो, म्हणून मी हा तास सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच घेते.