तलवाड्याची माती आणि समुद्राचा काठ

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले तलवाडा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. त्यामुळे लाटा, भरती-ओहोटी आणि किनारे हा भाग इथल्या वर्गात फळ्यावरच्या चित्रावरून उरकावा लागतो. खरे तर पावसाळ्यात शिवारातला ओढा गढूळ होऊन वाहू लागला, की किनाऱ्याचा कच्चा मालच त्यातून निघालेला असतो. हे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले. गोदावरी पुढे आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथल्या त्रिभुज प्रदेशातल्या चिखलात दख्खनच्या काळ्या मातीचा मोठा वाटा आहे.

नदी मुखाशी गाळ टाकते, असे पुस्तकात असते. पण वाटेत शेकडो किलोमीटर तरंगत आलेली माती नेमकी तिथेच का बसते? वेग कमी होतो, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे वर्गातच मिळवता येते. मूठभर काळी माती बादलीभर पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसू द्या आणि वरचे गढूळ पाणी दोन सारख्या बाटल्यांत भरा. एका बाटलीत लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ घाला. समुद्राचे पाणी साधारण एवढेच खारट असते. दोन्ही बाटल्या हलवून ठेवून द्या. मिठाची बाटली आधी निवळेल, दुसरी मात्र बराच वेळ गढूळ राहील. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातले धन आयन हा भार झाकतात, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. गोडे पाणी खाऱ्याला भेटते तिथे हेच घडत असते.

वाळूची गोष्ट वेगळी. ती लाटांच्या ताब्यात असते. लाट बहुधा किनाऱ्यावर तिरकी येते आणि वाळूचा कण तिरका वर चढवते. परतणारे पाणी मात्र उताराने सरळ खाली येते. असा नागमोडी प्रवास करत वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत राहते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पूर्व किनाऱ्यावर हा प्रवास उत्तरेकडे होतो. गोदावरीच्या मुखाशी आलेली वाळू अशीच उत्तरेला जाऊन काकिनाड्यासमोर सुमारे १६ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा तयार झाला आहे. नकाशात तो समुद्रात काढलेल्या सोंडेसारखा दिसतो. (या किनाऱ्यावरची काळी वाळू आपल्याच बेसाल्टची, असा समज करून घेऊ नये. तिच्यात पूर्व घाटातल्या खडकांचे खनिज कण भरपूर आहेत. काळा चिखल मात्र बराचसा आपला.)

दांड्याच्या आडोशाला लाटांचा जोर नाही. तिथे भरती-ओहोटीचे राज्य. भरतीचे गढूळ पाणी आत येते आणि परत फिरण्यापूर्वी थोडा वेळ स्थिर राहते. तेवढ्यात पुंजके तळाशी बसतात. एकदा बसून चिकटलेला चिखल उचलायला पाण्याला अधिक जोर लागतो, म्हणून ओहोटी सगळा गाळ परत नेऊ शकत नाही. थरावर थर चढतात, त्यांत खारफुटी मूळ धरते आणि तिच्या मुळांत आणखी चिखल अडकतो. कोरिंगाचे खारफुटीचे जंगल अशाच जागी आहे.

हा सगळा खेळ चालतो तो पटच वरखाली होत असतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. बर्फ वितळू लागले तसा समुद्र चढत गेला आणि नद्यांची मुखे मागे हटत गेली. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी हा वेग मंदावला, तेव्हा कुठे गाळाची सरशी झाली. जगातले बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश या सुमारासच वाढू लागले. गोदावरीचा किनारा पुढे सरकत गेला, तसे जुन्या किनाऱ्यांवरचे वाळूचे उंचवटे आत जमिनीवर राहून गेले. आजही ते ओळखता येतात.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या काही हजार वर्षांत मोसमी पाऊस कमी झाला आणि मातीची धूप मात्र वाढली, असे त्यात दिसले. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पाऊस घटल्यावर झाडोरा विरळ होतो आणि मग ज्या काही सरी येतात त्या उघड्या मातीवर आदळतात, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरली आणि धुपीत आणखी भर पडली. म्हणजे त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या थरांत आपल्या पूर्वजांच्या नांगरटीचाही हिस्सा आहे.

आता ही आवक घटली आहे. १९७० ते १९७९ या काळात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत असे. २००० ते २००६ या काळात हा आकडा ६ कोटी टनांच्या आत आला. पैठणचे जायकवाडी, त्याखाली तेलंगणातले श्रीरामसागर आणि उपनद्यांवरची लहानमोठी धरणे गाळ अडवतात. लाटांचे काम मात्र थांबलेले नाही. शिवाय साचलेला चिखल स्वतःच्या वजनाने दबून खचत असतो, आणि जगाचा समुद्र २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर चढत होता. जमीन खाली, पाणी वर आणि नवी माती अपुरी! त्रिभुज प्रदेशाचा काठ आता अनेक ठिकाणी मागे हटतो आहे. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाड्यात मच्छीमारांची घरे आणि किनाऱ्याचा रस्ता लाटांनी तोडला आहे.

इकडे महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ काढून पुन्हा शेतात पसरला जातो. आमच्या मते हे काम योग्यच आहे. तलावात पाणी जास्त मावते आणि हलक्या जमिनीला कस येतो. पण शेतात परत गेलेली ती माती उप्पाड्याला पोहोचणार नाही. काकिनाड्याच्या मच्छीमाराला आणि तलवाड्याच्या शेतकऱ्याला एकाच मातीची गरज आहे. तिची वाटणी कशी करावी, हे नववी-दहावीच्या वर्गात नकाशा समोर ठेवून जरूर विचारून पाहा.