आईच्या दिवसाचा हिशेब

'आई काय करते?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर आजही अनेक मुले सहजपणे देतात. त्यात अनादर नसतो. घरात जे ऐकले तेच ती सांगतात. मात्र सकाळच्या डब्यापासून रात्री दुधाला विरजण लावेपर्यंत राबणाऱ्या त्या माउलीच्या मनात हे उत्तर कुठे तरी सलत राहते. दिवस सरला, पण दाखवण्यासारखे हाती काय उरले, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या आईलाही चुकलेला नाही. तिच्या वाट्याला तर ऑफिस आणि घर अशा दोन पाळ्या येतात.

या न दिसणाऱ्या श्रमांचे मोजमाप आता उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये प्रथमच देशभर 'वेळेच्या वापराची पाहणी' केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा वेळ अर्ध्या-अर्ध्या तासात विभागून, सहा वर्षे व त्यावरील व्यक्तींनी त्या वेळात काय केले याची नोंद घेण्यात आली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च होत असल्याचे आढळले, तर पुरुषांची ९७ मिनिटे. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष केवळ २६.

२०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनी घटला, पण पुरुषांचाही नऊ मिनिटांनी कमी झाला. म्हणजेच पाच वर्षांत दोघांमधील अंतर जेमतेम एका मिनिटाने कमी झाले. मुलांचे संगोपन व घरातील माणसांची शुश्रूषा यांचा हिशेब वेगळा आहे. १५ ते ५९ या वयोगटात हे काम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसाला सुमारे १४० मिनिटे दिली, पुरुषांनी ७४.

न्यायालयांनाही या श्रमांची किंमत ठरवावी लागली आहे. परंतु ती बहुधा गृहिणीच्या मृत्यूनंतर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीतील मृतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३ हजार रुपये धरले. जानेवारी २०२१ मधील एका अपघात प्रकरणात याच न्यायालयाने २०१९ च्या पाहणीतील आकड्यांचा दाखला देत, गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमांना मान्यता देणे होय, असा आशय मांडला. आई हयात असताना मात्र हा हिशेब कोणी मांडत नाही.

तरीही एक काम कोणत्याही पाहणीत पुरते पकडले जात नाही. ते म्हणजे लक्षात ठेवणे. धाकट्याची लस कधी आहे, थोरलीचा गणवेश आखूड झाला आहे, सोमवारी चित्रकलेची वही न्यायची आहे, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या आहेत, हे सारे भाजी फोडणीला टाकतानाच मनात चालू असते. त्याला वेगळा अर्धा तास लागत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. आईचा थकवा अनेकदा हातांपेक्षा डोक्याला आलेला असतो, तो यामुळेच.

'मी तिला मदत करतो' असे म्हणणारे वडील आता बऱ्याच घरांत दिसतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु 'मदत' या शब्दातच काम मूळचे आईचे, हे गृहीत असते. सांगितलेली भाजी आणून दिली, तरी काय संपले हे पाहण्याची जबाबदारी तिच्याकडेच राहते. ओझे खऱ्या अर्थाने हलके व्हायचे असेल, तर काम आठवणीसह सोपवायला हवे. लसीचे कार्ड आणि डॉक्टरांची वेळ पूर्णपणे वडिलांकडे, दप्तर भरणे आणि डबा घासायला काढणे मुलांकडे, अशी वाटणी करता येते. सुरुवातीला एखादी वही घरी राहील, एखादा डबा दप्तरातच आंबेल. ते आईने निभावून न्यायला हवे.

यात मुलगा-मुलगी असा भेद मात्र नको. आज पाच वाजता उठून पोळ्या लाटणारी आई पाहून मुलगी आपले उद्याचे काम शिकत असते आणि मुलगा आपली उद्याची सवलत. मुलांना वाढवणे म्हणजे त्यांना केवळ खाऊ-पिऊ घालणे नव्हे. घर चालते कसे, हे त्यांना दाखवणे हाही संगोपनाचाच भाग आहे. ते त्यांना समजले, तर आईविषयी विचारल्यावर निदान त्यांच्या तोंडून 'काही नाही' हे उत्तर येणार नाही.