जुना मॅक्रो आणि खाते क्रमांकाची शून्ये

ऊसबिलाची यादी म्हणजे एका रकान्यात सभासदाचे नाव, दुसऱ्यात बँकेचा खाते क्रमांक. त्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला, की पैसे अडकलेच. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावयाचे असते. तेव्हा यादीतली चूक ही शेवटी सभासदाच्या घरखर्चात जाऊन बसते.

हे सांगण्याचे कारण असे. साखरेच्या गोदामाच्या कामासाठी आम्ही नुकतेच भिवंडीस गेलो होतो. धामणकर नाक्यावर ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत चहाला थांबलो. तिथे जुने दिवाणजी आणि नवा कारकून संगणकापुढे हुज्जत घालीत बसले होते.

दिवाणजींचा हिशेब लोटस एक-दोन-तीनमधला. हा कार्यक्रम १९८३ साली बाजारात आला आणि २०१३ साली त्याची विक्री थांबली. बँकेने खाते क्रमांकापुढे दोन शून्ये लावायला सांगितली, तेव्हा दिवाणजींनी एक मॅक्रो लिहिला होता: चौकट उघड, आरंभी जा, दोन शून्ये घाल, एंटर दाब, खालच्या चौकटीत जा. यंदा जुना संगणक बसला. कारकुनाने फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडली. आकडे आले, मॅक्रो मात्र चौकटीतली नुसती अक्षरे होऊन पडला.

मग पोराने एक्सेलमध्ये तीच कृती एकदा करून यंत्राकडून नोंदवून घेतली आणि साऱ्या रकान्यावर चालविली. पाहतो तर काय, सगळ्या गिऱ्हाइकांचा खाते क्रमांक एकच!

दिवाणजी हसले. म्हणाले, "बाबा, माझा मॅक्रो बोटं लक्षात ठेवायचा. तुझा नुसतं उत्तर लक्षात ठेवतो."

खरी गोम तीच आहे. एक्सेलचा नोंदक चौकटीत शेवटी काय राहिले तेवढेच टिपतो आणि तोच मजकूर पुढच्या प्रत्येक चौकटीत लिहितो. म्हणून असा मॅक्रो नोंदवून भागत नाही, हाताने लिहावा लागतो. रीत सोपी आहे: चौकटीतला मजकूर वाचा, त्याच्यापुढे हवे ते जोडा, जोडलेले परत त्याच चौकटीत लिहा, मग पुढची चौकट घ्या.

आणखी दोन पथ्ये. रकाना आधी 'मजकूर' प्रकारचा करावा. नाही तर यंत्र क्रमांकाला संख्या समजते आणि पुढची शून्ये गिळते. तसेच १५ पेक्षा जास्त आकड्यांचा क्रमांक संख्या म्हणून भरला, तर सोळाव्या आकड्यापासून नुसती शून्येच उरतात. गेलेला आकडा मागाहून प्रकार बदलून परत येत नाही.

परत आल्यावर आम्ही आपल्या कचेरीतली जुनी यादी काढली. दोन सभासदांच्या खात्यांची पुढची शून्ये गेलेली आढळली. बिल निघण्यापूर्वी सापडली, हे नशीब. आता मूळ यादीची प्रत बाजूला ठेवूनच मॅक्रो चालवितो. आधी दहा ओळींवर, मग सगळ्यांवर.

तरीही शेवटचा ताळा यंत्राचा नव्हे, पासबुकाचा. सभासद बंधु-भगिनींनी पासबुक घेऊन गटकचेरीत यावे आणि आपला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जावा. पहिल्या शून्यापासून!