किलिफीचे लोकजीवन

आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया नावाचा देश आहे. त्याचे मोंबासा हे बंदर फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. मोंबासाहून सागरतीराच्या कडेने उत्तरेकडे जाणारी एक सडक आहे. तिने सुमारे साठ किलोमीटर गेले की समुद्राची एक रुंद खाडी आडवी येते. पूर्वी ही खाडी तरीतून ओलांडावी लागे; १९९१ साली तिच्यावर पूल झाला. पुलावरून पाहिले असता दोन्ही तीरांवर माडांची दाट राई, खाली निळे पाणी व त्यावर डुलणारी शिडांची होडकी असे रमणीय दृश्य दिसते. खाडीकाठच्या या नगराचे नाव किलिफी. आणि ज्या परगण्याचे ते मुख्य ठाणे आहे, त्याचेही नाव किलिफीच.

हे दृश्य पाहून, येथील लोक सुखी व संपन्न असले पाहिजेत, असे कोणासही वाटेल. परंतु किनारा सोडून पश्चिमेकडे गान्झे भागात पाऊल टाकावे, म्हणजे चित्र पालटू लागते. माडांची राई विरळ होते, तांबडी धूळ उडू लागते, काटेरी झुडपे दिसू लागतात आणि डोक्यावर पिवळे डबे घेऊन पाण्यासाठी चालणाऱ्या स्त्रियांच्या रांगा भेटतात. एकाच परगण्याला अशी दोन रूपे का असावीत? किलिफीचे लोकजीवन समजून घ्यावयाचे, तर या प्रश्नाचे उत्तर शोधिले पाहिजे.

केनियाने २०१० साली नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्यानुसार देशाचे सत्तेचाळीस परगणे झाले व २०१३ पासून प्रत्येक परगण्याला आपले स्वतंत्र शासन मिळाले. किलिफी हा त्यांपैकी एक. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटर आहे. २००९ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ११ लाख ९ हजार ७३५ होती. २०१९ साली ती १४ लाख ५३ हजार ७८७ झाली. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत सुमारे साडेतीन लाख माणसांची भर पडली. ही वस्ती सर्वत्र सारखी पसरलेली नाही. समुद्रकाठची पट्टी व दक्षिणेकडील टेकड्या गजबजलेल्या, तर पश्चिमेकडील विस्तीर्ण माळ विरळ वस्तीचा आहे. जेथे पाऊस पडतो तेथे माणसे राहतात, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

येथील बहुसंख्य लोक मिजिकेंडा या नावाने ओळखले जातात. मिजिकेंडा म्हणजे नऊ वस्त्या. गिरियामा, चोन्यी, दिगो, दुरुमा, जिबाना, कांबे, कौमा, राबाई व रिबे अशा नऊ जमातींचा हा समूह आहे. त्यांपैकी गिरियामा किलिफीत संख्येने सर्वांत अधिक. त्यांचे पूर्वज टेकड्यांवरील दाट अरण्यांत तटबंदी करून राहत. त्या वस्तीला ‘काया’ म्हणत. कालांतराने लोक खाली उतरून शेती करू लागले. पण जुन्या कायांभोवतीचे अरण्य त्यांनी पवित्र मानून राखले. आपल्याकडील देवराईत जशी कोणी कुऱ्हाड चालवीत नाही, तसाच येथील रिवाज. २००८ साली या पवित्र वनांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

किनाऱ्यावर स्वाहिली लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांची भाषा आज सर्व केनियात चालते. तिच्यात काही ओळखीचे शब्द ऐकून मराठी माणसाला नवल वाटेल. पैशाला स्वाहिलीत ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’ व दुकानाला ‘दुका’ म्हणतात. यांतील काही शब्द हिंदुस्थानातून, तर काही अरबीतून दोन्हीकडे गेले. हे नाते वाऱ्याने जोडिले आहे. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत ईशान्येकडून ‘कास्काझी’ वारा वाहतो, तर एप्रिलपासून दक्षिणेकडून ‘कुसी’ वाहू लागतो. शेकडो वर्षे अरबस्तानचे व गुजरातचे व्यापारी एका वाऱ्याने येत व दुसऱ्याने परत जात. १४९८ साली वास्को द गामा याच परगण्यातील मालिंदी बंदरात उतरला आणि तेथून एक वाटाड्या घेऊन कालिकतला पोहोचला. त्याच्या नावाचा दगडी स्तंभ मालिंदीत अद्यापि उभा आहे.

आजही कोळ्याचे जीवन या वाऱ्यांवर अवलंबून आहे. कास्काझीच्या दिवसांत समुद्र शांत असतो. लहान होडकीही प्रवाळाच्या बांधापलीकडे जाऊ शकतात. कुसी सुरू झाला की दर्या खवळतो व बहुतेकांना बांधाच्या आतच जाळे टाकावे लागते. आलेली मासळी विकत घेऊन, तळून विकणाऱ्या स्त्रियांना तेथे ‘मामा करांगा’ म्हणतात. ज्या दिवशी होडी रिकामी येते, त्या दिवशी त्यांची कढईही थंड राहते.

किनारपट्टीचा शेतकरी प्रामुख्याने नारळ, काजू व आंबा पिकवितो. नारळाचा कोणताही भाग तेथे वाया जात नाही. शहाळ्याचे पाणी हाटांतून विकतात, खोबऱ्याच्या रसात भात व मासळी शिजवितात, माडी काढतात, आणि झावळ्या विणून ‘माकुती’ नावाची छपरे शाकारतात. काजूची कथा तर आपल्या कोकणाशी जुळणारी आहे. हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते एकीकडे गोव्यात व दुसरीकडे पूर्व आफ्रिकेत आणिले. दोन्ही किनाऱ्यांच्या जमिनीत ते सारखेच रुजले. परंतु दोघांचे भाग्य सारखे ठरले नाही. किलिफी नगरात १९७० च्या दशकात काजूबिया फोडण्याचा मोठा कारखाना निघाला. पुढे तो डबघाईस आला व १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. शेकडो कामगारांचे काम गेले आणि शेतकऱ्याला बी दलालाच्या हाती, तो देईल त्या भावाने, देणे भाग पडले. २००९ साली केनियाच्या शासनाने न फोडलेल्या काजूची निर्यात बंद केली, ती या उद्योगास देशातच आधार मिळावा म्हणून. तथापि जुनी, कमी फळणारी झाडे काढून नवी लावण्याचे काम मंदगतीनेच चालले आहे.

हे काम मंद का, याचे एक कारण जमिनीच्या इतिहासात आहे. १८९५ साली ब्रिटिशांनी येथे आपले संरक्षण जाहीर केले. समुद्रापासून दहा मैलांपर्यंतची पट्टी नावापुरती झांझिबारच्या सुलतानाची राहिली. १९०८ साली या पट्टीतील जमिनींवरील हक्क नोंदविण्याचा कायदा झाला. ज्यांच्यापाशी लेखी पुरावा होता, त्यांनी नोंदणी केली. मिजिकेंडांची जमीन मात्र कुळाच्या सामाईक वहिवाटीची. तिचा कागद कोठून असणार? ज्या जमिनीवर कोणाचा हक्क मान्य झाला नाही, ती सरकारची ठरली. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे लोक तिच्यावर उपरे झाले.

याच सुमारास ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गिरियामांवर कर व सक्तीची मजुरी लादली आणि साबाकी नदीच्या उत्तरेकडील सुपीक जमीन त्यांनी सोडावी असा आग्रह धरिला. तेव्हा मेकातिलिली वा मेन्झा नावाची एक वयस्क विधवा स्त्री गावोगाव फिरून लोकांना प्रतिकाराची शपथ देऊ लागली. १९१३ साली तिला पकडून देशाच्या दूर पश्चिम भागात ठेवण्यात आले. पण ती तेथून निसटून आपल्या मुलखात परत आली. १९१४ साली ब्रिटिशांनी गिरियामांची मुख्य काया सुरुंग लावून उद्ध्वस्त केली. उठाव मोडला, परंतु मेकातिलिलीचे नाव लोकांच्या मुखी राहिले.

१९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, तरी जमिनीचा प्रश्न आपोआप सुटला नाही. शासनाने वसाहती वसविल्या, मालकीचे दाखले वाटले. तरीही आपण राहतो त्या जमिनीचा कागद नाही, अशी कुटुंबे किलिफीत अद्यापि पुष्कळ आहेत. काजूच्या रोपाला फळ धरावयास तीन-चार वर्षे लागतात. उंच जातीच्या माडाला त्याच्या दुप्पट. उद्या येथून उठावे लागेल अशी ज्याला भीती, तो आज झाड लावील काय? विहीर खणील काय? पक्के घर बांधील काय? म्हणून कुडाच्या भिंती व झावळ्यांचे छप्पर यांमागे केवळ दारिद्र्यच नसते, अनिश्चितताही असते.

आता पश्चिमेकडील माळाकडे वळू. किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आत जावे तसतसा तो घटत जाऊन पश्चिम सीमेपाशी त्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. वर्षात पावसाचे दोन हंगाम असतात. एप्रिल ते जून हा मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान. मका हे मुख्य धान्य. त्याच्या पिठाची घट्ट उकड करून पालेभाजीबरोबर खातात. तिला ‘सिमा’ म्हणतात. पण मक्याला वेळेवर पाणी लागते, आणि येथे तर पावसाचा भरवसा नाही. २०२० च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पाच हंगाम पाऊस फसला. किलिफीच्या माळावरही शेते करपली, पाणवठे आटले. अशा वेळी शेळ्या हाच कुटुंबाचा आधार असतो. त्याही विकाव्या लागल्या की पुढल्या वर्षासाठी हाती काही उरत नाही. अनेक जण लाकूड जाळून कोळसा करितात. पोट भरते, पण झाडे जातात व माळ अधिकच उजाड होतो. आणि २०२३ च्या अखेरीस पाऊस आला, तो असा की साबाकीला पूर येऊन काठची शेते पाण्याखाली गेली.

या परगण्यात पाणी मुळीच नाही असे नव्हे. नैरोबीजवळ उगम पावलेली नदी मध्ये गालाना व अखेरीस साबाकी या नावाने वाहत मालिंदीच्या उत्तरेस समुद्राला मिळते. तिच्या काठी बारिचो येथे खोल विहिरींतून पाणी उपसून ते नळांवाटे मालिंदी, किलिफी व मोंबासा या नगरांना पुरविले जाते. माळावरच्या अनेक वाड्यांना मात्र तळ्यावर वा दूरच्या नळकोंड्यावर जावे लागते. हे काम बहुधा स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्यास येते. पाण्यामागे गेलेला मुलीचा वेळ तिच्या शाळेतून वजा होतो.

उदरनिर्वाहाची अन्य साधनेही आहेत. मालिंदीच्या उत्तरेस गोंगोनी ते न्गोमेनी या किनाऱ्यावर मोठी मिठागरे आहेत. केनियातील बहुतेक मीठ तेथेच पिकते. न्गोमेनीजवळच्या समुद्रात इटलीने उभारिलेल्या मंचावरून १९६७ ते १९८८ या काळात उपग्रह सोडले जात. क्ष-किरणांच्या साहाय्याने आकाशाचे निरीक्षण करणारा ‘उहुरू’ हा पहिला उपग्रह १९७० साली तेथूनच झेपावला. मालिंदी व वातामू येथे परदेशी प्रवासी येतात; पण २०२० साली साथीमुळे प्रवास थांबला, तेव्हा तेथील रोजगारही एकाएकी थांबला. अराबुको-सोकोके या अरण्याच्या कडेला १९९३ पासून एक अभिनव उद्योग चालला आहे. शेजारचे शेतकरी फुलपाखरांचे कोश वाढवितात व ते परदेशांतील प्रदर्शनांना विकले जातात. अरण्य राहिले तरच फुलपाखरे राहतील, हे कळल्यामुळे अरण्यही राखले जाते.

आरोग्याच्या बाबतीत किलिफीचे नाव जगभर झाले आहे. हिवतापाने येथे पूर्वी असंख्य बालके दगावत. १९८९ साली किलिफीच्या रुग्णालयाजवळ संशोधनकेंद्र सुरू झाले. १९९० च्या दशकात कीटकनाशक लाविलेल्या मच्छरदाण्या अनेक गावांत वाटून पाहण्यात आल्या, तेव्हा पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. हिवतापावरील ज्या नव्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केली, तिच्या चाचण्याही येथे झाल्या. या संशोधनात गावोगावच्या मातांचा वाटा मोठा आहे.

शिक्षणाची परंपरा मात्र त्याहून जुनी, आणि तिचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत पोहोचतो. १८४६ साली राबाई येथे क्राफ व रेबमान या मिशनऱ्यांनी आपले ठाणे उघडले. त्या काळी गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली काही आफ्रिकन मुले मुंबईस आणून नाशिकजवळील शरणपूर येथे शिक्षणासाठी ठेवीत. तेथे ती लेखन-वाचन व सुतारकी, लोहारकीसारखे व्यवसाय शिकली. १८६४ च्या सुमारास त्यांच्यापैकी विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर आदी राबाईस परतले व तेथील शिक्षणकार्यात सहभागी झाले. स्वातंत्र्य हिरावलेली मुले गोदाकाठी शिकून आपल्या खंडात शिक्षक म्हणून गेली, ही आठवण जपण्यासारखी आहे. २००३ पासून केनियात प्राथमिक शिक्षण विनाशुल्क झाले, आणि आज किलिफी नगरात विद्यापीठही आहे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. किलिफीच्या दोन रूपांमागे एक कारण निसर्गाचे आहे, ते पाऊस. दुसरे माणसाने केलेले आहे, ते जमिनीची मालकी. पाऊस कोणाच्या आज्ञेत नाही. पण नदीचे पाणी माळापर्यंत नेणे आणि कसणाऱ्याच्या हाती त्याच्या जमिनीचा कागद देणे, ही कामे माणसाच्या हातची आहेत. ज्या लोकांनी शेकडो वर्षे आपली वने राखिली, त्यांना उद्याची खात्री लाभली, तर ते आपल्या नातवंडांसाठी माड लाविल्यावाचून राहणार नाहीत.